पाचव्या मजल्यावरचे बंद दार: शेजारचे मूल सांभाळणाऱ्या किशोरवयीन मुलीच्या सुरक्षिततेचा प्रकरण अभ्यास

शहरांतील सोसायट्यांमध्ये वरच्या-खालच्या मजल्यावरील आठवी ते बारावीच्या मुलींकडे दोन-तीन तासांसाठी लहान मूल सोपवून बाहेर जाण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. पाळणाघर संध्याकाळी बंद होते, कामाच्या मावशी रात्री थांबत नाहीत, आजी-आजोबा गावी असतात आणि लग्नाच्या स्वागत समारंभाला अडीच वर्षांच्या मुलाला नेणे म्हणजे आपण जेवायचे नाही हे ठरलेलेच असते. अशा वेळी ओळखीची, समजूतदार, मुलाला लळा असलेली एखादी ताई हाक मारली की येते. ही सोय चांगली आहे आणि ती बंद पडावी असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. मात्र तिच्याकडे आपण सोय म्हणूनच पाहतो, जबाबदारीचे हस्तांतरण म्हणून पाहत नाही, आणि त्यातून काय घडू शकते हे पुढील प्रकरणावरून दिसते.

हे प्रकरण पुण्यातील एका सोसायटीच्या चौकटीत मांडले आहे. ते कोणा एका कुटुंबाचे नाही; अशा प्रसंगांत वारंवार आढळणारे तपशील एकत्र करून ते रचले आहे आणि त्यातील वेळा घटनाक्रम समजण्यापुरत्या आहेत. व्यक्तींचा उल्लेख नात्यानेच केला आहे.

पार्श्वभूमी

इमारत सात मजली, घर पाचव्या मजल्यावर, दोन शयनगृहांचे. बाहेर जाळीचा सेफ्टी डोअर आणि आत लाकडी मुख्य दार, ज्याला ओढून घेतल्यावर आपोआप बंद होणारे नाइट लॅच बसवलेले आहे. बैठकीच्या खोलीला लागून बाल्कनी असून तिला कठडा आहे, ग्रिल नाही. स्वयंपाकघरात सिलिंडरची शेगडी. मुलगा अडीच वर्षांचा, धावायला आणि प्लॅस्टिकची खुर्ची ओढत नेऊन तिच्यावर चढायला नुकताच शिकलेला.

त्याची ताई पंधरा वर्षांची, दहावीत शिकणारी, त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी. घरी आठ वर्षांचा धाकटा भाऊ असल्यामुळे मूल सांभाळणे तिला नवे नव्हते. तिने यापूर्वीही या मुलाला दुपारी तासाभरासाठी सांभाळले होते, परंतु आई-वडील दोघेही तीन तास बाहेर आणि तेही रात्री, ही पहिलीच वेळ होती. तिची निवड चुकीची होती असे प्रकरणात कोठेही दिसत नाही. ती सावध होती, मुलावर तिची माया होती आणि तिची स्वतःची आई घरातच होती. मूल सांभाळणाऱ्या मुलीबद्दल पालक ज्या गोष्टी पाहतात त्या सगळ्या येथे होत्या.

सोपवणूक

संध्याकाळी पावणेसातला आई-वडील निघाले तेव्हा दारातच, चपला घालता घालता, सूचना दिल्या गेल्या. “त्याने वरणभात खाल्लाय. आठला दूध दे, नाही प्यायला तर राहू दे. कार्टून लावून दे. काही लागलं तर फोन कर. तू काय, घरचीच आहेस.” ताईने “हो काकू” म्हटले आणि लिफ्टचे दार बंद झाले.

यात काय आले नाही ते पाहावे. घराची जादा किल्ली कोणाकडे आहे, हे सांगितले नाही. समोरच्या आजींकडे पूर्वी एक किल्ली असे, पण मधल्या काळात कुलूप बदलले आणि नवी किल्ली द्यायचे राहून गेले. समारंभ कोणत्या कार्यालयात आहे, फोन लागला नाही तर तिसरा माणूस कोण, रात्री कोणी घरी येणार आहे का, आले तर दार उघडायचे का, यापैकी काहीही बोलले गेले नाही. दूध गॅसवर गरम करायचे की मायक्रोवेव्हमध्ये, हेही नाही. आणि जे सांगण्यासारखे आहे असे कोणाला सुचलेही नसते ते म्हणजे हे दार ओढले की बंद होते. ताईच्या स्वतःच्या घरीही नाइट लॅच आहे, पण तिच्या आईने त्याची खिटी कायमची आत अडकवून ठेवली असून ते लोक कडी वापरतात. दार लोटून जिन्यात उभे राहायचे ही त्या घराची रोजची सवय.

सूचना न दिल्या जाण्यामागे निष्काळजीपणा नव्हता, संकोच होता, आणि तो दोन्ही बाजूंना होता. घरच्यासारख्या मुलीच्या हातात यादी ठेवली तर तिच्यावर विश्वास नाही असा अर्थ होईल, असे आईला वाटले. खोदून विचारले तर आपल्याला काही येत नाही असे काकूंना वाटेल, असे मुलीला वाटले. पैशांचाही विषय निघाला नाही. नंतर एखादा ड्रेस घेऊन देऊ, असे आईच्या मनात होते. माझ्या मते हा पैशांचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. जिथे मोबदला ठरतो तिथे काम काय आणि किती वाजेपर्यंत हेही ठरते. जिथे सगळे मायेवर चालते तिथे काही विचारायची किंवा नाही म्हणायची सोय मुलीला उरत नाही.

घटनाक्रम

७ वाजून ३८ मिनिटांनी सोसायटीच्या गेटवर पार्सल घेऊन एक माणूस आला. गेटवरच्या ॲपवरून परवानगीची विचारणा आईच्या फोनवर गेली आणि समारंभाच्या गर्दीत तिने सवयीने ‘हो’ दाबले. घरात पंधरा वर्षांची मुलगी एकटी आहे, हा विचार त्या क्षणी तिच्या मनात आला नाही.

७.४३ ला ताईने पातेल्यात दूध घेऊन मंद आचेवर ठेवले. पुढच्याच मिनिटाला बेल वाजली. तिने आतले दार उघडले, जाळीतून पाहिले आणि पार्सल आहे म्हणून जाळीही उघडली. पार्सलसाठी ओटीपी हवा होता आणि तो आईच्या फोनवर गेला होता. तिने आईला फोन लावला. आत कार्टूनचा आवाज मोठा होता आणि छोटा तिच्या पायांमधून बाहेर सटकू पाहत होता, म्हणून त्याला आत सारून, दार लोटून, ती जिन्याच्या कठड्याशी जाऊन बोलू लागली. ओटीपी मिळाला, पार्सल हातात आले, माणूस गेला. बाल्कनीचे दार उघडे असल्याने वाऱ्याच्या झोताने मुख्य दार सपकन बंद झाले. वेळ ७.४६.

तिने आधी दार ढकलले, मग बेल वाजवली. आतून छोटा “ताई, ताई” म्हणत दारावर थापा मारू लागला आणि मग रडू लागला. लॅचची मूठ त्याच्या हाताला पोहोचणारी नव्हती. ताईने समोरच्या आजींची बेल वाजवली. आजींनी देवघराच्या खणातली जुनी किल्ली शोधून आणली, ती लागली नाही. आईला पुन्हा फोन लावला; ओटीपी सांगून झाल्यावर तिने फोन पर्समध्ये टाकला होता आणि कार्यालयात संगीत सुरू होते. चार वेळा घंटी वाजून फोन बंद झाला. वडिलांचा फोन लागत नव्हता. ७.५२ ला तिने स्वतःच्या आईला बोलावले. वॉचमन वर आला, त्याने दाराला खांदा लावून पाहिला. एकाने चावीवाल्याला फोन केला, तो म्हणाला अर्ध्या तासात येतो. आजी छोट्याचे लक्ष वेधण्यासाठी अधूनमधून बेल वाजवत राहिल्या.

७.५५ च्या सुमारास दाराच्या फटीतून जळल्या दुधाचा वास आला आणि थोड्या वेळाने त्यात गॅसचा वास मिसळला. दूध उतू जाऊन आच विझली होती आणि बर्नर चालूच होता. आतला रडण्याचा आवाज दारापासून दूर गेला होता, तो बहुधा बाल्कनीच्या बाजूने येत होता.

याच वेळी ताई आजींच्या घरात शिरली. आजींची बाल्कनी आणि छोट्याच्या घराची बाल्कनी यांत जेमतेम तीन-साडेतीन फुटांचे अंतर आहे. “मी इथून जाते,” असे म्हणून तिने स्टूल ओढले आणि एक पाय कठड्यावर टाकला. आजींनी तिचा दंड धरला आणि सोडला नाही. ७.५९ ला, गॅसचा वास येतोय हे ऐकल्यावर, ताईच्या आईने १०१ ला फोन केला.

८.१७ ला अग्निशामक दलाची गाडी आली. जवानांनी प्रथम मजल्यावरच्या लोकांना खाली पाठवले, बेलला हात लावू दिला नाही आणि पहारीने चौकटीच्या बाजूने कुलूप उचकटून चार मिनिटांत दार उघडले. शेगडीचा खटका आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या, पंख्याचे किंवा दिव्याचे एकही बटण दाबले नाही. छोटा बाल्कनीच्या उंबऱ्यात, उलट्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीपाशी, बसून हुंदके देत होता. त्याला खाली मोकळ्या हवेत नेले आणि त्याच रात्री बालरोगतज्ज्ञांना दाखवले. त्याला काही झाले नव्हते.

पालक पावणेनऊला पोहोचले. आईने ताईला जवळ घेतले. वडील मात्र दहा-बारा लोकांसमोर बोलून गेले, “दार ओढू नये एवढं साधं कळत नाही का?” त्यानंतर ती मुलगी बरेच दिवस सोसायटीच्या आवारात दिसली नाही.

विश्लेषण

दाराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आपोआप बंद होणाऱ्या कुलपाच्या घरात मूल आत आणि मोठे माणूस बाहेर अडकणे ही शहरांतील अग्निशामक दलांना अगदी परिचयाची घटना आहे आणि ती आई-वडिलांच्याच हातून घडण्याचे प्रमाणही कमी नसावे. उपाय स्वस्त आहेत: लॅचची खिटी अडकवून ठेवावी, एक चालू किल्ली समोरच्या घरी असावी आणि मूल सांभाळणाऱ्या मुलीच्या गळ्यात किंवा खिशात दुसरी असावी. ‘चालू’ हा शब्द महत्त्वाचा. किल्ली दिली त्या दिवशी ती लावून पाहिली पाहिजे. हाच नियम बाथरूम आणि शयनगृहाच्या आतल्या कड्यांना लागू आहे, कारण अडीच वर्षांचे मूल कडी लावू शकते आणि घाबरल्यावर तीच कडी काढू शकत नाही. अशा कड्या वर सरकवून घ्याव्यात किंवा त्या संध्याकाळपुरत्या दोरीने बांधून ठेवाव्यात.

गॅसचा मुद्दा मात्र वादाचा आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांची मुलगी चहा करते, कुकर लावते, कित्येक घरांत पोळ्याही करते, त्यामुळे तिने गॅसला हात लावू नये असे म्हटले तर लोक हसतात. परंतु स्वतःच्या घरी आईच्या नजरेखाली चहा करणे आणि परक्या घरी एका चळवळ्या मुलाकडे लक्ष ठेवत दूध तापवणे ही दोन वेगळी कामे आहेत. बहुतेक घरगुती शेगड्यांना आच विझल्यावर गॅस आपोआप तोडणारी सोय नसते. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो आणि अडीच वर्षांच्या मुलाचे नाक त्याच पातळीवर असते. वायूला स्वतःचा वास नसल्याने गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तो वास आला की दिवा, पंखा, बेल यांपैकी काहीही चालू किंवा बंद करायचे नसते, कारण बटणात पडणारी बारीकशी ठिणगीही पुरेशी ठरते. आजी मायेने बेल वाजवत होत्या तेव्हा आतल्या बाजूला नेमके तेच घडत होते. हे आजींना ठाऊक नव्हते आणि जिन्यात जमलेल्या इतर कोणालाही नव्हते, यावरून हे ज्ञान किती कमी पसरले आहे हे लक्षात येते. गॅस गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. तो बहुतेक सिलिंडरवरच्या कागदपत्रांवर छापलेला असतो आणि सहसा कोणी वाचलेला नसतो.

यावरचा साधा तोडगा असा, की मूल सांभाळण्याच्या वेळेत गॅस रेग्युलेटरपाशीच बंद असावा आणि दूध आईने आधी तापवून थर्मासमध्ये भरून ठेवावे. मुलीने स्वयंपाकघरात जाण्याची गरजच राहू नये. जाता जाता एक गोष्ट: बाथरूममधल्या पाण्याने भरलेल्या बादल्याही निघण्यापूर्वी रिकाम्या कराव्यात. चालू लागलेले मूल बादलीत डोके खाली करून पडले तर त्याला स्वतःला उचलून घेता येत नाही आणि त्यासाठी वीतभर पाणीही पुरे होते.

आता या प्रकरणातील सर्वांत अवघड भाग. दार बंद झाले ७.४६ ला आणि १०१ ला फोन गेला ७.५९ ला. मधली तेरा मिनिटे काय चालले होते? मुलगी घाबरून गोंधळली होती असे म्हणता येणार नाही. तिने शेजारी गाठले, पालकांना फोन केले, आपल्या आईला बोलावले. पंधरा वर्षांच्या मुलीकडून याहून अधिक सुसूत्र वागण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. उशीर झाला तो दोन समजुतींमुळे, आणि त्या दोन्ही मोठ्यांच्या होत्या. अग्निशामक दल आग लागल्यावरच बोलवायचे असते, ही पहिली. अडकलेल्या माणसाला, मुलाला, अगदी पक्ष्यालाही सोडवण्यासाठी ही माणसे येतात, आणि मूल आत अडकले आहे एवढे कारण त्यांना पुरेसे असते. दुसरी समजूत अशी, की मालक घरी नसताना त्यांच्या दाराची मोडतोड कशी करायची आणि लाल गाडी दारात बोलावून बोभाटा कशाला करायचा. आधी काकूंना विचारू, त्या काय म्हणतात ते पाहू, असे जमलेल्यांपैकी प्रत्येकाला वाटत होते आणि काकू फोन उचलत नव्हत्या. परवानगी मिळेपर्यंत सगळे थांबून राहिले. दार तोडायची परवानगी पावणेसातलाच दिलेली असती, तर या तेरा मिनिटांतली किमान दहा वाचली असती. निघताना पालकांनी एवढे एकच वाक्य म्हणावे: “मूल अडकलं, पडलं, काही गिळलं, तर मला फोन करायच्या आधी मदत बोलाव, दार मोडलं तरी चालेल.” या वाक्याने मुलीच्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरते.

महाराष्ट्रात ११२ हा क्रमांक पोलीस, अग्निशामक दल आणि वैद्यकीय मदत या तिन्हींसाठी चालतो, त्यामुळे घाबरलेल्या मुलीने एकच क्रमांक लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. फोन उचलल्यावर पहिल्या वाक्यात काय सांगायचे याचाही सराव आधी करवून घ्यावा: इमारतीचे नाव, विंग, मजला, जवळची खूण, मुलाचे वय आणि काय झाले. याच इमारतीत चार वर्षे राहणाऱ्या मुलीला आपल्या सोसायटीचा सर्व्हे नंबर किंवा गल्लीचे नाव सांगता येत नाही, असे बऱ्याचदा आढळते. तिला ‘मेडिकलच्या समोर’ एवढेच ठाऊक असते.

बाल्कनीचा प्रसंग हा या प्रकरणाचा गाभा आहे, कारण त्या मिनिटाला धोका आत अडकलेल्या मुलाला जितका होता त्याहून अधिक बाहेरच्या मुलीला होता. ती पाचव्या मजल्याच्या कठड्यावर चढू लागली ती धाडसी होती म्हणून नाही. आपल्यामुळे हे झाले, आता आपणच ते निस्तरले पाहिजे, ही अपराधाची भावना तिला तिथवर घेऊन गेली. मोठ्या माणसाला अशा वेळी नोकरी, विमा, कायदा, लोक काय म्हणतील असे शंभर विचार सुचतात आणि पाय मागे येतो. किशोरवयात तसे होत नाही. या वयात घाईच्या क्षणी धोक्याचा अंदाज मागे पडतो आणि भावना पुढे जाते, हे किशोरवयाचा अभ्यास करणारे सगळेच सांगतात. म्हणून मूल सांभाळणाऱ्या मुलीला द्यायच्या सूचनांत पहिली सूचना तिच्या स्वतःच्या जिवाविषयीची असली पाहिजे. कठडा ओलांडायचा नाही, गॅसचा वास येत असलेल्या खोलीत एकटीने शिरायचे नाही, आगीत काही आणायला परतायचे नाही, अनोळखी माणसाशी झटापट करायची नाही. हे तिला स्पष्ट शब्दांत, तिच्या आईसमोर, सांगितले गेले पाहिजे. एरवी ती असे गृहीत धरते, की मुलासाठी काहीही करणे हाच तिचा धर्म आहे, आणि आपले संस्कारही तिला तेच शिकवत आलेले असतात.

वडिलांच्या त्या एका वाक्याचाही याच संदर्भात विचार करावा लागतो. ते रागाने बोलले नव्हते, भीतीने बोलले होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु आपल्याला दोष दिला जाईल ही भीती असलेली मुलगी पुढच्या वेळी फोन करायला आणखी उशीर लावते, हा त्याचा व्यवहारातला परिणाम आहे. मुलाच्या तोंडात मणी गेला, पलंगावरून पडले, चटका बसला, अशा गोष्टी लपवल्या जाऊ नयेत असे वाटत असेल, तर सांगणाऱ्या मुलीला पहिल्या पाच मिनिटांत कोणी रागावू नये. चूक कोणाची हे दुसऱ्या दिवशी, बसून, बोलता येते.

दार उघडण्याबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे, कारण या संध्याकाळी पार्सलवाला सरळ माणूस होता म्हणून प्रकरण कुलपापुरते राहिले. घरात किशोरवयीन मुलगी आणि लहान मूल एवढेच असताना जाळीचे दार कोणासाठीही उघडायचे नाही, हा नियम निरपवाद असावा. पार्सल वॉचमनकडे ठेवायला सांगावे, आणि त्या वेळेत गेटवरच्या ॲपवर कोणालाही वर सोडू नये ही जबाबदारी पालकांची. ओळखीच्या माणसांबाबत हा नियम पाळणे अधिक कठीण जाते. घरी वरचेवर येणारे एखादे काका “अरे, नाहीत का घरी? बसतो जरा” म्हणाले, तर पंधरा वर्षांची मुलगी त्यांना दारातून परत पाठवू शकत नाही, कारण मोठ्यांना असे म्हणायचे नसते हे तिला लहानपणापासून शिकवलेले आहे. म्हणून ‘आज कोणीही येणार नाही, आले तर काकूंनी सांगितलंय असं म्हण आणि जाळी उघडू नकोस’ हे वाक्य पालकांनी तिच्या तोंडी द्यावे. उशीर झाल्यावर तिला घरी पोहोचवायचे असेल तेव्हा तिची आई न्यायला येईल, हेही आधीच ठरवावे.

कायद्याची बाजू

मुलांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा आणि २०१५ चा बाल न्याय कायदा या दोन्हींच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. म्हणजे या घरात त्या संध्याकाळी कायद्याने दोन बालके होती आणि प्रौढ एकही नव्हता. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास २००६ च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने, कुटुंबाला शाळेच्या वेळेबाहेर केलेली मदत यासारखे अपवाद वगळता, चौदा वर्षांखालील मुलांकडून काम करून घेण्यास सर्वच क्षेत्रांत मनाई झाली. चौदा ते अठरा या वयोगटाला धोकादायक कामे वर्ज्य आहेत. शेजारधर्माने तासभर मूल सांभाळणे आणि मुलीला मोलाने राबवणे यांत फरक आहेच, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला नियमित पैसे देऊन रोज संध्याकाळी बसवणाऱ्यांनी हा फरक आपल्या बाजूचा आहे असे समजू नये. काहीही बिनसल्यास स्वतः मुलीलाही १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर बोलता येते, हे तिला सांगितलेले असावे.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. इंग्लंडमध्ये यासाठी किमान वय कायद्याने ठरवलेले नाही, मात्र सांभाळणारी व्यक्ती सोळा वर्षांखालील असेल तर मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी पालकांवरच राहते. अमेरिकेत रेड क्रॉस अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी यासंबंधीचे प्रशिक्षण देते, आणि पॅट्रिशिया कीनर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९८० मध्ये इंडियानापोलिस येथे ‘सेफ सिटर’ हा उपक्रम सुरू केला, तो एका सहकाऱ्याचे लहान मूल घशात काही अडकून दगावल्यानंतर. तिथे या वयाच्या मुलीने मूल सांभाळणे हे शिकून घ्यायचे काम मानले जाते. आपल्याकडे ते मुलींना आपोआप येते असे धरले जाते, आणि मुलग्यांना ते येत नाही असेही.

त्यानंतर काय बदलले

दोन महिन्यांनी त्याच आईने पुन्हा विचारले. या वेळी ताईची आई वर येऊन बसली आणि दोन्ही आयांनी मिळून एक कागद तयार केला, जो आता फ्रिजवर चुंबकाने लावलेला असतो. त्यावर इमारतीचा पूर्ण पत्ता, ११२ हा क्रमांक, दोन्ही पालकांचे आणि ते जिथे जातील त्या ठिकाणचे फोन, समोरच्या आजींचा फोन, मुलाच्या डॉक्टरांचा फोन, मुलाचे वजन आणि त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याची नोंद आहे. ही ॲलर्जी ताईला पहिल्या संध्याकाळी कोणी सांगितली नव्हती; तिने त्याला चिक्की दिली नाही हा निव्वळ योग. कागदाच्या तळाशी आईच्या अक्षरात लिहिले आहे, “दार तोडायला माझी परवानगी आहे,” आणि खाली सही. निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे ताईने यायचे, कागद मोठ्याने वाचायचा, किल्ली लावून पाहायची, बाल्कनीचे दार बंद करून वरची कडी लावायची आणि मगच पालकांनी लिफ्टचे बटण दाबायचे, असे ठरले. घशात काही अडकल्यास काय करायचे हे छोट्याच्या डॉक्टरांनीच तिला बाहुलीवर दाखवले: वर्षाखालच्या बाळाला पालथे धरून खांद्यांच्या मधोमध पाच थापा आणि मग उताणे करून छातीवर पाच दाब, मोठ्या मुलाला पाठीवरच्या थापांनंतर पोटावर दाब, आणि दिसत नसलेल्या गोष्टीसाठी घशात बोट घालायचे नाही.

मोबदलाही ठरला, तासाला किती ते ताईने स्वतः सांगितले. तिने दोन अटीही घातल्या. गॅस ती वापरणार नाही, आणि तिची आई इमारतीत असेल त्याच दिवशी ती येईल. पालकांना रात्री साडेनऊपर्यंत परतावे लागते, दहावीचे वर्ष असल्याने त्यानंतर ती थांबत नाही. वडिलांना ही वेळ अजूनही फार लवकर वाटते. मागच्या आठवड्यात साडेदहाचा समारंभ होता तेव्हा त्यांनी ताईला न विचारता छोट्याला बरोबर नेले आणि जेवणाच्या रांगेत पाळीपाळीने उभे राहिले.